सोंग, भूमिका आणि आकलन : भूमिकापालन पद्धतीच्या मूल्यमापनाचा विचार

१

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ज्ञानाचे सोंग आणता येते किंवा कसे, ह्याविषयी म्हण काही सांगत नाही. परंतु ज्यांनी दहावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत व तोंडी परीक्षा घेतल्या आहेत, त्यांस ह्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. ज्ञानाचे सोंग आणता येते, आणि ते पुष्कळदा उत्तमही वठते. विद्यापीठीय वर्गात अलीकडे रूढ होत असलेल्या भूमिकापालन पद्धतीचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याने आरंभीच ही गोष्ट ध्यानात घेणे इष्ट आहे. कारण ह्या पद्धतीत विद्यार्थ्याला सोंग घ्यावयास आपणच सांगतो, आणि मग त्या सोंगामागे ज्ञान आहे की नाही हे ठरविण्याचे कामही आपल्याकडेच येते.

ही पद्धती आता अपवादात्मक राहिलेली नाही. विधी अभ्यासक्रमात अभिरूप न्यायालय आवश्यक आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती व संवादकौशल्य ह्यांचे शिक्षण अंतर्भूत झाले, व त्यात भूमिकापालनास स्थान मिळाले. संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना १९६० च्या दशकात दिल्लीतील शाळांपासून सुरू झाली व पुढे विद्यापीठे आणि महाविद्यालये ह्यांच्यापर्यंत आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ह्याने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून सामाजिक शास्त्रांचे वर्गही ह्या मार्गाने जाऊ लागले आहेत. बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांचा परिसर घेतला तरी हा विस्तार डोळ्यांत भरतो. १९६२ मध्ये स्थापन झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या शिक्षणसंस्था, २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इंदापूरचे महाविद्यालय अशा निरनिराळ्या प्रकृतीच्या संस्था येथे जवळजवळ नांदत आहेत, आणि त्यांत शिकणाऱ्यांपैकी पुष्कळ विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून आलेले आहेत. पद्धतीच्या गुणदोषांचा विचार करावयाचा तो ह्या विद्यार्थ्यांस समोर ठेवूनच केला पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : भूमिकापालन ही मूल्यवान पद्धती आहे, परंतु तिचे मूल्यमापन आपण ज्या रीतीने करतो ती रीत आकलन न मोजता वठवणे मोजते, आणि वठवण्याच्या नावाखाली बहुधा प्रतिष्ठित भाषेलाच गुण देते. हा दोष पद्धतीचा नसून परीक्षकाचा आहे. म्हणूनच तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

२

‘सोंग’ आणि ‘भूमिका’ ह्या दोन शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग अशा प्रयोगांत ‘सोंग’ हा शब्द आत एक व बाहेर एक असल्याचे सुचवितो. ‘भूमिका’ हा शब्द मात्र मराठीत दोन अर्थांनी चालतो. नाटकातील पात्राची भूमिका हा एक अर्थ. आणि एखाद्या प्रश्नाविषयी विचारपूर्वक घेतलेली बाजू हा दुसरा. ‘ह्याबाबत शासनाची भूमिका काय?’ असे आपण विचारतो तेव्हा शासन नाटक करीत आहे असे आपणांस म्हणावयाचे नसते. इंग्रजीत ह्या दोन अर्थांना दोन निराळे शब्द आहेत. मराठीने ते एकाच शब्दात ठेवले आहेत. भाषेतील हा योगायोग आपल्या प्रश्नाच्या मुळाशी नेतो. वर्गातील भूमिकापालन यशस्वी झाले असे केव्हा म्हणावे? विद्यार्थ्याने पहिल्या अर्थाची भूमिका घेता घेता तो दुसऱ्या अर्थाच्या भूमिकेपर्यंत पोहोचला, म्हणजे त्या पात्राच्या बाजूची कारणे त्याला कळली, तेव्हा. तोपर्यंत त्याने केले ते सोंगच होय, मग ते कितीही हुबेहूब असो.

ह्या पद्धतीचा इतिहास सांगताना काही उत्साही अभ्यासक आपल्या भारुडांचा व लोकनाट्याचा दाखला देतात. एकनाथांच्या भारुडांत गोंधळी, जोशी अशा अनेकांच्या तोंडून बोलणे आहे, ही गोष्ट खरी. परंतु ह्या साम्यावर फार भिस्त ठेवणे योग्य नव्हे. भारुडात जो सोंग घेतो त्याला सांगावयाचे काय हे अगोदरच ठाऊक असते. शिकावयाचे असते ते श्रोत्यांनी. वर्गातील भूमिकापालनात नेमके उलट आहे. येथे सोंग घेणाऱ्यानेच शिकावयाचे असते, आणि श्रोते हे बहुतांशी निमित्त असतात. परंपरेचा अभिमान ठीक. पण त्यामुळे पद्धतीचे प्रयोजन झाकले जाऊ नये.

आधुनिक पद्धतीची मुळे अन्यत्र आहेत. याकोब मोरेनो ह्यांनी व्हिएन्नात १९२० च्या दशकात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले, व पुढे अमेरिकेत त्यांतून मनोनाट्याची उपचारपद्धती विकसित केली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅरॉल्ड गेट्झको ह्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराचे अभिरूप अभ्यासासाठी रचले. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज ह्यांनी कॅलिफोर्नियात शिकविलेल्या ‘रुग्णां’चा उपयोग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षणासाठी आरंभिला. १९९० च्या दशकात मार्क कार्न्स ह्यांनी बर्नार्ड महाविद्यालयात इतिहासाचे वर्ग संपूर्णपणे भूमिकांवर आधारले. त्यांच्या मालिकेतील एक अभिरूप १९४५ च्या सिमला परिषदेवर, म्हणजे आपल्याच इतिहासावर, आहे. उपचार, संशोधन, परीक्षण व अध्यापन अशा चार निरनिराळ्या हेतूंनी वाढलेल्या ह्या चार शाखा आहेत. त्यांच्यापैकी एका शाखेत जे सिद्ध झाले ते दुसऱ्या शाखेत आपोआप सिद्ध होत नाही. आपल्याकडील चर्चेत हा विवेक क्वचितच आढळतो.

३

आता ह्या पद्धतीच्या बाजूने जो पुरावा दिला जातो त्याकडे वळू. पुष्कळशा निबंधांत पुरावा म्हणजे प्रश्नावली असते. भूमिकापालन झाल्यावर विद्यार्थ्यांस विचारावयाचे, ‘आपणांस हा उपक्रम आवडला काय? आपले ज्ञान वाढले असे वाटते काय?’ बहुसंख्य विद्यार्थी ‘होय’ म्हणतात, आणि निबंध यशाची ग्वाही देऊन संपतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. आपल्या प्रश्नावल्या पहिल्याच पायरीवर उभ्या राहून दुसऱ्या पायरीचा दाखला देतात.

ह्यात धोका किती आहे हे हार्वर्ड विद्यापीठातील एका प्रयोगाने दाखविले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी कुशल प्राध्यापकांची व्याख्याने ऐकली, तर काहींनी स्वतः प्रश्न सोडवीत तेच शिकून घेतले. चाचणीत दुसऱ्या गटाने अधिक गुण मिळविले; परंतु आपण कमी शिकलो असे ह्याच गटाला वाटत होते. तात्पर्य, शिकल्याचा भास आणि शिकणे ह्या दोहोंची दिशा परस्परविरुद्धही असू शकते. तेथे भास कमी व ज्ञान अधिक होते. जेथे वेषभूषा, टाळ्या व हशा आहेत तेथे भास अधिक व ज्ञान कमी असे होणारच नाही, ह्याची हमी कोणी द्यावी?

दुसऱ्या प्रकारचा पुरावा उसनवारीचा असतो. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, व केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्ण होण्याचा संभव दीडपट आढळला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु तो सर्व प्रकारच्या क्रियाशील अध्यापनाविषयी आहे; गटाने गणिते सोडविणेही त्यात येते. त्यावरून राज्यशास्त्राच्या वर्गातील युवा संसद फलदायी ठरते असे अनुमान काढणे म्हणजे ज्वारीच्या पिकाचा उतारा दाखवून उसाचे कर्ज मागण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष भूमिकापालनाविषयीचे पुरावे अधिक सावध आहेत. चॅड रेमंड ह्यांनी आंतरराष्ट्रीय संबंध ह्या विषयाच्या वर्गांत हा प्रश्न तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. परीक्षेतील गुणांवर अभिरूपाचा लक्षणीय परिणाम त्यांस आढळला नाही. पद्धतीचे विरोधक अशा निष्कर्षांचा आधार घेतात. पण येथेही थांबून विचार करावयास हवा. ज्या परीक्षेत व्याख्या व वर्गीकरण विचारले जाते, त्या परीक्षेत दुसऱ्याची बाजू समजण्याची क्षमता दिसावी ही अपेक्षाच चुकीची नाही काय? तराजूने कापड मोजता येत नाही. म्हणून कापड नाहीच असे कोणी म्हणत नाही. सारांश, अनुकूल पुरावा पाहावा तर तो आवडीचे मोजमाप करतो, प्रतिकूल पुरावा पाहावा तर तो पाठांतराच्या जवळपासचे काही मोजतो. आकलन दोहोंतूनही निसटते.

४

मग मोजावयाचे काय? ह्या ठिकाणी भाषाविज्ञानाचे थोडे साहाय्य होऊ शकेल असे वाटते. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने आपणां सर्वांस परिचित आहेत. काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात : वचन देणे, नाव ठेवणे, शिक्षा फर्माविणे. अशीच वाक्ये नटाने रंगभूमीवर उच्चारली असता ती पोकळ होतात असे सांगून ऑस्टिन ह्यांनी ती आपल्या विवेचनातून बाजूला ठेवली. अभिरूप न्यायालयातील न्यायाधीशाने शिक्षा फर्माविली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. युवा संसदेत संमत झालेले विधेयक राष्ट्रपतींकडे जात नाही.

परंतु ह्या सर्व पोकळीत एक गोष्ट पोकळ होत नाही. ती म्हणजे युक्तिवाद. भूमिकेत दिलेले वचन हे वचन नव्हे. पण भूमिकेत दिलेले कारण हे कारणच असते. ते सयुक्तिक असेल तर रंगभूमीवरही सयुक्तिक असते, आणि लंगडे असेल तर न्यायाधीशाचा झगा घातल्याने ते धावू लागत नाही. त्याचप्रमाणे प्रतिपक्षाच्या मुद्द्याला दिलेले उत्तर हे खरेच उत्तर आहे की केवळ ठरलेले भाषण पुढे चालविले आहे, हेही नाटक असूनसुद्धा खरेखुरे तपासता येते. अभिनयाने जे स्थगित होते ते मोजू नये. अभिनयातही जे स्थगित होत नाही तेच मोजावे, असा नियम ह्यातून निघतो. अधिकाराचा आविर्भाव, आवाजातील जरब, पोशाख आणि शब्दांचा डौल ह्या गोष्टी पहिल्या वर्गातल्या; कारणांची जुळणी, वस्तुस्थितीचे भान आणि दुसऱ्याचे ऐकणे ह्या गोष्टी दुसऱ्या वर्गातल्या.

५

हा नियम मला पुस्तकातून सुचला नाही; स्वतःच्या चुकीतून सुचला. ती चूक येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. ह्याच परिसरातील एका महाविद्यालयात भाषा व प्रशासन ह्या विषयाच्या एका सत्रात मी पाणीवाटपाच्या बैठकीचे अभिरूप घेतले होते. हा प्रयोग नव्हे. एका वर्गातील एक निरीक्षण एवढेच त्याचे मोल आहे.

विषय परिसराचा होता. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामतीच्या बाजूने वाहत इंदापूर तालुक्यात जातो. कालव्याच्या वरच्या अंगाला असणाऱ्याचे पाणी आणि शेवटच्या अंगाला असणाऱ्याचे पाणी ह्यांत फरक पडतो, हे येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. शेजपाळीच्या नियमाने पाळी शेवटाकडून सुरू व्हावी, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी अगोदर मिळावे, असा दंडक आहे. तो किती पाळला जातो हा बैठकीचा वादविषय होता. पाटबंधारे अधिकारी, पाटकरी, वरच्या अंगाचा ऊस बागायतदार, शेवटच्या अंगाची शेतकरी स्त्री, पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष अशी पात्रे होती. गुणपत्रक मी स्वतः तयार केले होते. त्यात ‘आत्मविश्वास’, ‘भूमिकेशी तादात्म्य’, ‘शुद्ध व प्रभावी भाषा’ आणि ‘विषयज्ञान’ असे चार समान रकाने होते.

अधिकाऱ्याची भूमिका करणारा विद्यार्थी शहरात वाढलेला होता. ‘आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे’, ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ अशी कर्मणी वाक्ये तो सहज बोलत होता. कर्ता लपविणारी ही वाक्यरचना कार्यालयीन मराठीचा प्राण आहे, आणि त्याने ती अचूक उचलली होती. वर्ग खूष झाला, मीही झालो. पाळी शेवटाकडून का सुरू करावयाची, असे पाटकऱ्याचे काम करणाऱ्याने मध्येच विचारले तेव्हा मात्र त्याने ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर दिले, आणि पुन्हा एकदा कार्यवाहीचे आश्वासन दिले.

शेतकरी स्त्रीची भूमिका करणारी विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यातील होती. ती थोडेच बोलली. तिचे एक वाक्य मला आजही आठवते : “तासावर पाणी मोजताय, पर वरच्याचा तास मोठा आन् आमचा तास बारका.” वर्गात हशा पिकला. मी भाषेच्या रकान्यात तिला कमी गुण दिले. आत्मविश्वासाच्या रकान्यातही दिले, कारण हशा पिकल्यावर ती गप्प झाली होती.

दुसऱ्या दिवशी टिपणे चाळताना त्या वाक्याचा अर्थ मला उमगला. कालव्याचे पाणी वाहता वाहता मुरते, झिरपते, मध्येच उचलले जाते. तेव्हा शेवटाशी पोहोचणारा प्रवाह वरच्या अंगाच्या प्रवाहापेक्षा क्षीण असतो. दोघांसही सारखाच तास दिला तरी त्या तासात शिवारात पडणारे पाणी सारखे नसते. पाळी समान असूनही वाटा असमान, असे ह्याचे रूप आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याविषयी जो कायदा झाला, त्यात पाणी वापर संस्थांस पाणी घनमापनाने मोजून देण्याचे तत्त्व आहे, आणि त्या तत्त्वाच्या समर्थनाचे सार ह्या एका वाक्यात आले होते. वर्गात त्या दिवशी बोलले गेलेले सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते, आणि माझ्या गुणपत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

६

ह्या प्रसंगातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भाषेच्या प्रतिष्ठेविषयीची. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन ह्यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या योजनेतील सत्ता व सलगी ह्यांचे नाते उलगडून दाखविले. आपल्या ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांच्या वापरात तेच नाते दिसते. शेजारच्या फलटणच्या बोलीवर मॅक्सीन बर्नसन ह्यांनी १९७३ मध्ये प्रबंध लिहून बोलीतील भेदांचा सामाजिक संदर्भ तपासला. नीरेच्या ह्या तीरावरही परिस्थिती निराळी नाही. असे असता आपण ‘शुद्ध व प्रभावी भाषा’ असा रकाना आखतो तेव्हा विद्यार्थ्याने वर्गात काय शिकले ह्यापेक्षा तो कोणत्या घरातून आला हेच आपण नोंदवीत असतो. त्यातही विपर्यास असा की, टेलच्या शेतकरी स्त्रीच्या तोंडी ग्रांथिक मराठी घालणे हा भूमिकेच्याच दृष्टीने दोष आहे. ज्या भाषेने तादात्म्य सिद्ध केले, त्याच भाषेबद्दल आपण गुण कापले.

दुसरी गोष्ट भूमिकांच्या वाटपाची. बोलण्यात सफाई असलेल्यास अधिकारी, मंत्री, वकील करावयाचे, आणि खेड्यातून आलेल्यास शेतमजूर, अशील, रुग्ण करावयाचे, असे वाटप न सांगता होत असते. त्यात परीक्षकाची सोय असते, कारण पात्र ‘शोभते’. पण जो विद्यार्थी जीवनात ज्या जागी आहे त्याच जागी त्याला वर्गात उभे केले, तर तो नवे काय शिकणार? समाजातील उतरंड वर्गात पुन्हा एकदा पाठ करून घेण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

तिसरी गोष्ट माझ्याच उदाहरणावर उलटते, आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. त्या विद्यार्थिनीला जे कळले होते ते तिला अभिरूपामुळे कळले काय? बहुधा नाही. ते ती घरून घेऊन आली होती. तेव्हा मी तिला पूर्ण गुण दिले असते तरी ते गुण पूर्वज्ञानाचे झाले असते, अध्ययनाचे नव्हे. अन्याय दूर झाला असता, मूल्यमापन झाले नसते. भूमिकापालनाने शिकविले असे म्हणावयाचे तर अभिरूपापूर्वी काय कळत होते व नंतर काय कळू लागले, ह्या दोहोंतील अंतर दाखविले पाहिजे. खरे शिकावयाचे होते ते अधिकारी झालेल्या विद्यार्थ्याने आणि हसलेल्या वर्गाने. त्यांच्यापैकी कितीजणांस ते वाक्य कळले, हे विचारण्याची बुद्धी मला त्या दिवशी झाली नाही.

७

हाच विचार विधी व वैद्यक ह्या दोन क्षेत्रांस लावून पाहता येईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत अभिरूप न्यायालयास ३० गुण आहेत. तीन प्रसंग, प्रत्येकी १० गुण, आणि त्यांतील निम्मे लेखी निवेदनास व निम्मे तोंडी युक्तिवादास. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे, कारण निम्मे गुण तरी वक्तृत्वापासून सुरक्षित राहतात. पण अभिरूप न्यायालये बहुधा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या धर्तीवर व इंग्रजीतून चालतात. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून राज्य शासनाने १९९८ मध्ये मराठी घोषित केली. बारामती किंवा इंदापूर येथील न्यायालयात उभे राहावयाच्या वकिलास साक्षीदाराचे ‘बांध कोरला’, ‘वहिवाट मोडली’ हे शब्द कायद्याच्या चौकटीत बसवावे लागतात. ह्या कामाचे अभिरूप मात्र क्वचितच होते.

वैद्यकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण तेथे गैरसमजाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सहाध्यायी विद्यार्थीच रुग्ण होऊन ‘मला दोन दिवसांपासून ताप आहे’ असे नीटस वाक्य बोलतो, तेव्हा अवघड भाग अगोदरच नाहीसा झालेला असतो. खरा रुग्ण ‘अंगात कणकण हाय’, ‘पोटात कळ मारती’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळाल्यासारखं होतं’ असे सांगतो. कळ आणि ठणका, कणकण आणि ताप ह्यांतील भेद ओळखणे व उलट प्रश्न विचारून तो निश्चित करणे, हेच तर शिकावयाचे असते. ज्या अभिरूपात भाषेची ही अडचण शिल्लक ठेवलेली नाही, त्यात मिळालेले गुण प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतील, हा प्रश्न विचारला पाहिजे.

८

ह्यावर एक आक्षेप संभवतो. विद्यापीठाने प्रमाणभाषा शिकवू नये काय? उद्या ह्याच विद्यार्थिनीला स्पर्धा परीक्षेस बसावयाचे आहे, मुलाखत द्यावयाची आहे. तिचे बोलणे सुधारण्याची संधी नाकारणे हीही एक प्रकारची उपेक्षा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, प्रमाणभाषा अवश्य शिकवावी, तिचे मूल्यमापनही करावे. पण ते तिच्या नावाने व तिच्या जागी करावे. डेल हाइम्झ ह्यांनी संप्रेषणक्षमतेची कल्पना मांडली तीत व्याकरणशुद्धतेइतकेच प्रसंगौचित्याला महत्त्व आहे. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा योजावी हे कळणे ही क्षमता आहे. सर्व प्रसंगी एकच भाषा बोलणे ही नव्हे. पाणीवाटपाचे आकलन मोजण्याच्या मिषाने प्रमाणभाषा मोजली, तर दोन्ही मोजमापे बिघडतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. साठसत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे सर्व कसे साधावे? त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज आहे असे वाटत नाही. अभिरूपापूर्वी प्रत्येकाने वादविषयावर अर्धे पान लिहावे, व नंतर त्याच प्रश्नावर पुन्हा अर्धे पान लिहावे. दोहोंतील फरक हे अध्ययनाचे पहिले माप. प्रत्येकाला दोन भूमिका द्याव्यात, आणि त्यांतील एक तरी त्याच्या स्वतःच्या स्थितीच्या उलट असावी. बागायतदाराच्या मुलाने टेलला उभे राहावे, टेलच्या मुलीने अधिकारी व्हावे. शेवटी प्रत्येकाने प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा लिहून काढावा, आणि तो बरोबर लिहिला आहे की नाही हे प्रतिपक्षाच्या विद्यार्थ्याने सांगावे. ह्या कसोटीत अभिनयाला वाव नाही. दुसऱ्याचे न ऐकता ती उत्तीर्ण होता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अभिरूपानंतरच्या चर्चेसाठी अभिरूपाइतकाच वेळ राखून ठेवावा. माझ्या वर्गात हशा पिकला त्या क्षणी थांबून ‘तास बारका म्हणजे काय?’ एवढा एकच प्रश्न मी विचारला असता, तर तो तास सत्कारणी लागला असता.

हे उपाय पुरेसे आहेत असा दावा नाही. ते निरनिराळ्या विषयांच्या वर्गांत वापरून, त्यांच्या नोंदी ठेवून, अपयशासकट मांडले गेले पाहिजेत. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी हा विषय घ्यावा. विशेषतः अभिरूपातील प्रत्यक्ष संभाषण शब्दशः टिपून त्यात प्रश्नाला उत्तर किती वेळा मिळाले व किती वेळा केवळ शब्द मिळाले, ह्याची पाहणी करावी. मराठीतून झालेल्या अशा संभाषणांच्या विश्वसनीय नोंदी संग्रहित होतील तर त्यांचा लाभ भाषाविज्ञानासही होईल.

पैशाचे सोंग आणता येत नाही, कारण व्यवहारात शेवटी रोकड मोजून द्यावी लागते. ज्ञानाचे सोंग आणता येते ते आपण रोकड मागत नाही म्हणून. वर्गातील भूमिकापालनात ही रोकड म्हणजे कारण होय. ते ज्याने मोजून दिले त्याला, मग तो कोणत्याही बोलीत देवो, गुण मिळाले पाहिजेत. आणि ते मागण्याचे कर्तव्य परीक्षकाचे आहे.